सिस्टर घरीं गेल्यानंतर

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एक मुलगी परिचर्येच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक. त्यामुळें आळींतल्या यच्चयावत् मुलामुलींचे इंग्रजी निबंध, अर्ज व भाषणें तपासून देण्याचें काम न मागतां माझ्याकडे आलेलें आहे. गेल्या महिन्यांत तिनें आणलेल्या निबंधाचा विषय होता, 'परिचर्येंतील नेतृत्व: त्याच्या पद्धति व त्यास लागणारे गुण.' निबंध नीटनेटका होता. पद्धति पांच होत्या, गुण एकवीस होते, आणि प्रत्येक गुणाखालीं दोन-दोन ओळींचें स्पष्टीकरण होतें. वाल्मीकींनीं नारदाला सोळा गुणांनीं युक्त असा पुरुष कोण म्हणून विचारलें, तेव्हां त्या त्रैलोक्यसंचारी मुनीला एकच नांव सांगतां आलें. आमच्या रुग्णालयांतील परिसेविकेनें मात्र एकवीस गुण अंगीं बाणवावे, आणि तेहि ठरलेल्या वेतनश्रेणींत, अशी पाठ्यपुस्तककारांची अपेक्षा दिसते.

मीं व्याकरण दुरुस्त करून वही परत केली. पण विषय कांहीं मनांतून जाईना. गुणांची यादी सोडून मी पद्धतींकडे वळलों. हुकूमशाही, लोकशाही आणि जिला सरळ मराठींत 'मोकाट' म्हणावें ती तिसरी, या तीन पद्धति कोठून आल्या हें मला ठाऊक होतें. कुर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेंत गेला. एक माणूस हुकूम सोडतो आणि कोट्यवधि माणसें तो झेलतात, हें डोळ्यांनीं पाहून आलेल्या विद्वानानें नेतृत्वावर प्रयोग करावयास घ्यावे, यांत नवल नाहीं. त्यानें व त्याच्या लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांनीं आयोवा येथें दहा-दहा वर्षांच्या मुलांचीं मंडळें जमविलीं, त्यांना मुखवटे वगैरे करावयास दिले, आणि प्रत्येक मंडळावर निरनिराळ्या वृत्तीनें वागणारा म्होरक्या नेमला. हा प्रयोग १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकांत त्यांतलें उतरलें तें एवढेंच कीं, लोकशाही पद्धति बरी. मला मोलाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. म्होरक्या अधूनमधून मुद्दाम खोलीबाहेर जात असे. हुकूमशाही मंडळांत तो समोर असेपर्यंत मुलें खालीं मान घालून राबत. त्यानें पाठ फिरविली कीं काम थंडावे. लोकशाही मंडळांतील मुलें तो असतांना फार मोठा उजेड पाडीत होतीं असें नाहीं. पण तो गेल्यावरहि त्यांचे हात जवळजवळ पूर्वीसारखेच चालत.

नेता नसतांना काय होतें हें पाहण्याची परीक्षा परिचर्येइतकी रोजच्या रोज दुसऱ्या कोणत्याहि धंद्यांत होत नसेल. हेडमास्तर शाळा सुटेपर्यंत शाळेंत असतात. कारखाना बंद झाला कीं मुकादमाचें कामहि संपतें. रोगी मात्र चोवीस तास रोगी असतो, आणि वॉर्डाची सिस्टर आठ तासांनीं घरीं जाते.

दोन वर्षांपूर्वीं माझे थोरले बंधु एका धर्मादाय रुग्णालयांत पांच आठवडे होते: पहिले दोन आठवडे शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत व पुढचे तीन औषधोपचाराच्या. दादांच्या उशाशीं बसून पेपर तपासण्यापलीकडे मला कांहीं काम नव्हतें. आणि पेपर तपासणाऱ्याचें लक्ष पेपरांत किती असतें, हें आमच्या धंद्यांतल्या मंडळींना सांगावयास नको.

पहिल्या वॉर्डाच्या सिस्टर उंच, सडपातळ आणि आवाजानें सबंध मजला व्यापणाऱ्या होत्या. सकाळीं आठच्या ठोक्याला त्या दारांत दिसल्या कीं मावशींच्या हातांतलें फडकें जोरानें फिरूं लागे, चादरींचे कोपरे काटकोनांत दुमडले जात, आणि पलंगाच्या कडेला टेकलेले आम्ही नातेवाईक आपोआप उभे राहत असूं. सर्जनमंडळीसुद्धां त्यांना वचकून असत. "अरे, ही बाई पलटणींत हवी होती," असें दादा म्हणत. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा सदैव त्यांच्या कमरेला असे. दुपारीं चारला त्या गेल्या कीं सबंध वॉर्डानें सुस्कारा टाकल्याचा भास होई, आणि संध्याकाळनंतर घंटा वाजविली तर कोण केव्हां येईल याचा नेम नसे. एका रविवारीं दादांच्या जखमेवरची पट्टी भिजून गेली. ड्यूटीवरची मुलगी चांगली होती, हांकेसरशी धांवत आली. पण बाहेरचा गॉज संपलेला, जादा गॉज कपाटांत, कपाट कुलपांत, आणि किल्ली सिस्टरांबरोबर गांवाच्या दुसऱ्या टोकाला! बिचारी तीन वॉर्ड हिंडून चार तुकडे उसने घेऊन आली. सोमवारीं ही हकीकत सिस्टरांच्या कानांवर गेली तेव्हां त्या रागावल्या खऱ्या, पण त्या रागांत समाधानाचीहि एक छटा होती. "मी एक दिवस नाहीं, तर हें असं होतं बघा, सर!" असें त्या मला म्हणाल्या.

त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे. त्याच पंधरवड्यांत एके सकाळीं घाटांत बस उलटून वीस-पंचवीस जखमी एकदम आले. त्या दिवशीं ह्या बाईंना मीं खालच्या व्हरांड्यांत उभ्या राहून काम करतांना पाहिलें. कोणाला आधीं आंत न्यावयाचें, कोणाला थांबवावयाचें, रक्त आणावयास कोणीं धांवावयाचें, रडणाऱ्या नातेवाइकांना कोणीं बाजूला न्यावयाचें, हें त्या एकामागून एक सांगत होत्या आणि कोणीहि 'कां' म्हणून विचारीत नव्हतें. तेथें सर्वांचीं मतें अजमावीत बसण्यास वेळ कोणाला होता? हुकूमशाही वाईट असें पाठ करणाऱ्या विद्यार्थिनीला मी तो व्हरांडा दाखवीन. मात्र बस रोज उलटत नाहीं, आणि पट्टी रोज भिजते.

दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टर बुटक्याशा, चष्मा लावणाऱ्या. प्रथम दर्शनीं मला त्या कारकून वाटल्या. आवाज इतका हळू कीं, दोन पलंगांपलीकडे ऐकूं येऊं नये. पहिले दोन दिवस मला असें वाटलें कीं, ह्या वॉर्डाला कोणी धनीच नाहीं. मग त्यांची एक रीत माझ्या ध्यानांत आली. सकाळीं रात्रीची परिचारिका काम सोपवून जाते, त्या वेळीं त्या जाणारीला आणि येणारीला घेऊन प्रत्येक रोग्यापाशीं थांबत. वहींतला मजकूर वाचून दाखविण्यांत त्यांना रस नसे. त्या सर्वांत नवख्या मुलीला विचारीत, "ह्यांचं आज काय बिघडूं शकेल?" ती कांहींतरी सांगे. "बरं, तसं झालं तर तूं पहिल्यांदा काय करशील?" तिचें उत्तर अपुरें असलें तर शेजारची मुलगी तें पुरें करी. एका पलंगापाशीं मिनिटभरापेक्षां अधिक वेळ जात नसे. पण त्या मिनिटांत दिवसभराची आणि त्यापुढील रात्रीचीहि तजवीज झालेली असे. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणांत, आणि किल्लीशेजारीं एक वही: जो वस्तु काढील त्यानें सही करावी. एवढाच बंदोबस्त.

त्या गोड होत्या असें मात्र कोणीं समजूं नये. एका मुलीनें एकदां ताप न पाहतांच तक्त्यावर आंकडा भरला. सिस्टर ओरडल्या नाहींत. त्यांनीं तिला त्या रांगेंतल्या दहाहि रोग्यांचा ताप पुन्हा मोजावयास लावला, आणि नव्या आंकड्यांशेजारीं जुने आंकडे तिच्याकडूनच मोठ्यानें वाचवून घेतले. त्यांतला एक रोगी दोन अंशांनीं तापलेला निघाला. ती मुलगी रडली. सिस्टरांनीं तिला रडूं दिलें. उशीर, विसराळूपणा, चादरीवरचा डाग यांना त्यांच्यापाशीं क्षमा होती. न केलेलें केलें म्हणून लिहिण्याला नव्हती.

आमच्या तिथल्या अकराव्या का बाराव्या रात्रीं, अडीचच्या सुमारास, दादांना श्वास लागला. ड्यूटीवरची मुलगी नोकरीला लागून वर्षहि झालें नसेल. ती आली, पलंगाचें डोकें तिनें वर केलें, प्राणवायूची नळी लावली, नाडी व रक्तदाब पाहिला, आणि फोनवर डॉक्टरांना तीन वाक्यांत काय आहे तें सांगितलें. मी मात्र हातांत चष्मा धरून उभा होतों. डॉक्टर दहा मिनिटांत आले. पुढें सर्व स्थिरस्थावर झाल्यावर मीं त्या मुलीला विचारलें, "तूं घाबरली नाहींस?" ती म्हणाली, "घाबरलें ना! पण काय करायचं तें सकाळींच ठरलं होतं." त्या वेळीं सिस्टर आपल्या घरीं गाढ झोंपेंत असतील.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें 'नोट्स ऑन नर्सिंग' हें १८५९ सालचें छोटें पुस्तक मीं त्यानंतर पुन्हा काढून वाचलें. हवा व घर यांच्या पाठोपाठ तिसरेंच प्रकरण किरकोळ व्यवस्थेवर आहे. शुश्रूषा कितीहि उत्तम असली तरी, आपण असतांना जें होतें तें आपण नसतांनाहि होईल अशी तजवीज केली नाहीं तर सर्व फुकट, हें त्या प्रकरणाचें सार. आपल्यावांचून अडतें याचा अभिमान बाळगणाऱ्यांचा समाचारहि बाईंनीं तेथें घेतला आहे. पहिल्या वॉर्डाच्या सिस्टरांचें सोमवारचें वाक्य मला तें वाचतांना आठवलें.

बाईंच्या नांवाबरोबर आपल्याला दिवा आठवतो. हा दिवा लाँगफेलो कवीनें १८५७ सालीं त्यांच्या हातांत कायमचा दिला. वास्तविक त्यांच्या हातीं असे तो तुर्की पद्धतीचा घडीचा कंदील. पण चित्रकारांनीं त्याचा अल्लाउद्दिनाचा दिवा केला. त्यांचें खरें हत्यार हिशेबाची वही. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं अडतीस स्त्रियांना घेऊन त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत पोंचल्या, तेव्हां तेथील डॉक्टरांना त्या नकोशा होत्या. दुसरी एकादी तेजस्वी स्त्री पहिल्याच दिवशीं भांडली असती. बाईंनीं आपल्या परिचारिकांना सक्त ताकीद दिली कीं, डॉक्टरांनीं बोलाविल्याशिवाय एकीनेंहि रोग्याला हात लावावयाचा नाहीं. रोगी विव्हळताहेत आणि शुश्रूषेसाठीं समुद्र ओलांडून आलेल्या स्त्रिया सदरे शिवीत बसल्या आहेत, हें दृश्य त्यांतल्या पुष्कळींना असह्य झालें. पण इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचा लोंढा आला, आणि डॉक्टरांना आपण होऊन हांक मारावी लागली. मागून मिळणारा अधिकार आणि मागितला जाऊन मिळणारा अधिकार यांतला फरक ती बाई ओळखून होती. लिटन स्ट्रेची यानें १९१८ सालीं लिहिलेल्या चरित्रांत तिच्या पोलादी स्वभावाचें चित्र काढलें आहे. तें वर्गांत शिकवितांना विद्यार्थिनींचे चेहरे उतरतात असा माझा अनुभव आहे. त्यांना दिवा हवा असतो. आणखी एक गोष्ट त्यांना सांगावी लागते. स्कुटारीचे मृत्यु खऱ्या अर्थानें कमी झाले ते मार्च १८५५ मध्यें आलेल्या आरोग्य-मंडळानें गटारें साफ केल्यानंतर. युद्धानंतर बाईंनींच आंकडे मांडून पाहिले, हें सत्य त्यांना दिसलें, आणि उरलेल्या आयुष्यांत त्या त्याच आंकड्यांनीं सरकारशीं भांडत राहिल्या.

निबंधांत चौथी पद्धति होती 'सेवक-नेतृत्वा'ची. ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनीं १९७० सालीं मांडली. त्यांचें आयुष्य एका अवाढव्य टेलिफोन कंपनींत गेलें होतें, आणि तेथल्या साहेबांना आपण इतरांचे सेवक आहोंत हें सांगण्याची गरज होतीच. पण जिनें पिढ्यान्पिढ्या सेवाच केली तिला 'नेता व्हावयाचें तर अधिक सेवा कर' असें सांगणें मला थट्टेसारखें वाटतें. १९०९ सालीं रमाबाई रानड्यांनीं पुण्याचें सेवासदन उभें केलें आणि पुढें तेथल्या स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या, तेव्हां घरंदाज स्त्रीनें परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा कीं नाहीं हाच आपल्या समाजापुढला प्रश्न होता. तो प्रश्न मागें पडला. परंतु परिचारिकेला 'बाई' म्हणून हांक मारून पाणी मागणारे सुशिक्षित गृहस्थ मीं त्या पांच आठवड्यांत मोजलेले आहेत. त्यांत दोन माझ्याच धंद्यांतले होते. डॉक्टरांशीं बोलतांना हेच गृहस्थ उभे राहत.

आणि एकवीस गुण घेऊन काय करावयाचें, जर एकीलाच चाळीस ठिकाणीं असावें लागत असेल? शिकविण्याच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डांत तीन रोग्यांमागें एक व इतर रुग्णालयांत पांचांमागें एक परिचारिका असावी, असें भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण आहे. दादांच्या वॉर्डांत रात्रीं एकोणचाळीस रोगी आणि एक परिचारिका हें चित्र मीं पाहिलें. मी इंग्रजीचा प्राध्यापक आहें हें कळल्यावर त्या चष्म्याच्या सिस्टरांनीं एके दिवशीं संकोचानें एक पत्र माझ्यापुढें ठेवलें. व्यवस्थापनाला दर महिन्याला त्या असें पत्र धाडीत. त्यांत विनवणी नव्हती, तक्रार नव्हती, सेवाधर्माचें नांवहि नव्हतें. तारीख, रोगी किती, परिचारिका किती, आणि त्या रात्रीं काय करावयाचें राहून गेलें: सहा रोग्यांची कूस बदलली नाहीं, चौघांचें औषध तासभर उशिरां, एकाला भरविलें नाहीं. एवढेंच, रात्रीमागून रात्र. मीं एक स्वल्पविराम घातला आणि पत्र परत दिलें. आम्ही तेथून निघण्यापूर्वीं वॉर्डाला रात्रीसाठीं आणखी एक परिचारिका मिळाली. तीहि फक्त मध्यरात्रीपर्यंत. सिस्टरांनीं पुढच्या महिन्याचा तक्ता आंखावयास घेतला होता.

वरिष्ठ जवळ नसतांना साधी परिचारिका काय करूं शकते, याचें एक उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेकी मुंबईच्या कामा रुग्णालयांत शिरले, तेव्हां प्रसूतिपूर्व वॉर्डांतील वीस गर्भवती अंजली कुलथे या परिचारिकेच्या हवालीं होत्या. त्यांनीं जड दारें लोटून घेतलीं, वीसहि जणींना आंतल्या लहानशा स्वयंपाकघरांत नेलें, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हां गोळीबाराचे आवाज चालू असतां भिंतीच्या आधारानें तिला प्रसूतिगृहांत पोंचविलें. हुकूम द्यावयास तेथें कोणीच नव्हतें. पुढें अतिरेक्याच्या ओळखपरेडीलाहि त्या उभ्या राहिल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढें त्यांनीं ही हकीकत सांगितली.

कामा रुग्णालयाची ती एक रात्र. त्याच मुंबईंत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत, याहून अवघड असें एक काम एकेचाळीस वर्षें चाललें होतें, आणि त्याचा विचार केला कीं नेतृत्वावरचीं माझीं सारीं वाक्यें मला तोकडीं वाटूं लागतात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर रुग्णालयांतल्याच एका सफाई-कामगारानें अत्याचार केला आणि कुत्र्याच्या सांखळीनें तिचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायु न मिळाल्यानें ती पुन्हा शुद्धीवर अशी आलीच नाहीं. मुंबईच्या परिचारिकांनीं त्या वेळीं संप केला, सुरक्षिततेच्या मागण्या केल्या. आणि मग त्या कामाला लागल्या. १८ मे २०१५ रोजीं अरुणेचा मृत्यु झाला तोंपर्यंत तें काम थांबलें नाहीं. मधल्या काळांत खाट मोकळी करण्यासाठीं तिला हलविण्याचा घाट महापालिकेनें घातला, तोहि परिचारिकांच्या विरोधामुळें सोडून द्यावा लागला. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं निकाल दिला. तो अर्ज योग्य होता कीं अयोग्य, यावर सज्जनांत दोन मतें आहेत, आणि माझें मत मी येथें मांडीत नाहीं. पण न्यायालयानें या परिचारिकांची प्रशंसा केली आणि इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण झालेला नाहीं याची नोंद घेतली.

शय्याव्रण म्हणजे काय हें ज्यांनीं घरीं अंथरुणाला खिळलेलें माणूस सांभाळलें आहे त्यांना ठाऊक आहे. दोन आठवडे हयगय झाली कीं पुरे. दर दोन तासांनीं कूस बदलावी हा परिचर्येचा सामान्य दंडक. त्या हिशेबानें एकेचाळीस वर्षें आणि साडेपांच महिन्यांत हें एकच कृत्य एक लाख ऐंशी हजारांहून अधिक वेळां करावें लागतें. दिवाळींत, पावसांत रेल्वे बंद पडली त्या दिवशीं, संपाच्या दिवसांत, पहांटे चारला. रोगी बरा होणार नाहीं, कोणाला ओळखणार नाहीं, आभार मानणार नाहीं, आणि कूस बदलली नाहीं तर तक्रारहि करणार नाहीं. एवढ्या काळांत किती अधिसेविका आल्या व निवृत्त झाल्या असतील! त्यांतल्या काहीं कडक असतील, काहीं मवाळ असतील, एकादी मोकाटहि असेल. पद्धति बदलल्या असतील, पण पाठीवर व्रण उठला नाहीं.

दर वर्षीं १ जूनला, अरुणेच्या जन्मदिवशीं, त्या वॉर्डांत परिचारिका जमत. शेवटच्या वर्षीं तिची कूस बदलणाऱ्यांपैकीं पुष्कळ मुलींचा १९७३ सालीं जन्महि झालेला नव्हता. ज्यांच्याकडून त्या हें काम शिकल्या त्यांतल्या बऱ्याच जणींनींहि अरुणेला चालतां-बोलतांना कधीं पाहिलेलें नव्हतें.